दूरचा मुक्काम : प्रस्तावना

या संग्रहातील बहुतेक हकीकती ज्या अवयवापासून सुरू होतात त्याचा गर्भाशयाशी वरकरणी काहीही संबंध दिसत नाही. कुणाच्या डाव्या हासळीच्या हाडामागे वाटाण्याएवढी गाठ आली आहे, कुणाचा उजवा हात आठवडाभरात लुळा पडत चालला आहे, कुणाच्या एका डोळ्यापुढे धुके दाटले आहे, कुणाच्या बेंबीतून लस येते आहे, आणि एकीच्या तर भांगाशेजारी, केवळ फणी अडकू लागली म्हणून ध्यानात आलेला, सुपारीएवढा कठीण फोड आहे. या स्त्रिया डोळ्यांच्या, हाडांच्या, मेंदूच्या किंवा कातडीच्या डॉक्टरांकडे गेल्या, आणि पुष्कळ हेलपाटे, पुष्कळ खर्च व पुष्कळ कागद झाल्यावर जेव्हा मूळ सापडले तेव्हा ते गर्भाशयमुखाशी सापडले. वैद्यकाच्या परिभाषेत यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे दूरस्थ अवयवांतील दुर्मीळ प्रक्षेप म्हणतात. रुग्णालयाच्या ओसरीवर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांना सांगताना मात्र आम्ही एवढेच म्हणत आलो की, आजार वर पसरला आहे.

ज्या डॉक्टरबाईंनी या हकीकती जमवल्या त्या वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्या मराठवाड्यात स्त्रियांचे दवाखाने चालवीत राहिल्या आणि त्यांनी पाठवलेले मांसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याचे काम माझ्याकडे राहिले, एवढाच आमचा आरंभीचा परिचय. त्यांनी प्रस्तावनेची मागणी केली तेव्हा मी प्रथम कचरले. दुर्मीळ गोष्टींचे संग्रह पुष्कळदा पदार्थसंग्रहालयाच्या कपाटासारखे होतात. पाहणारा काही क्षण चकित होतो आणि आपल्या कामास लागतो. आणि ज्या तालुक्याच्या डॉक्टराकडे रोज सत्तर-ऐंशी रुग्णांची रांग लागते त्याच्या हाती असे कपाट देऊन काय साधणार, असे मला वाटले. पण बाड वाचीत गेले तसतसे माझे मत पालटले, आणि ते पालटण्यास कारण झाला एक लहानसा रकाना. प्रत्येक हकीकतीच्या शेवटी, तपासण्या, औषधोपचार आणि परिणाम यांचा तपशील संपल्यावर, बाईंनी एक ओळ राखून ठेवली आहे: ‘दुखणे प्रथम कोणास सांगितले, आणि केव्हा.’ हा रकाना मी दुसऱ्या कुठल्याही वैद्यकीय दप्तरात पाहिलेला नाही. त्यातील उत्तरे सलग वाचली म्हणजे ध्यानात येते की रोग शरीरात जितका लांब गेला, तितकेच लांब त्या स्त्रीला बोलण्यासाठी जावे लागले होते. जो अवयव दाखवता येत नव्हता तेथे रोग वर्षानुवर्षे राहिला, आणि जो दाखवता येत होता तेथे पोहोचल्यावर त्याला प्रथम कुणीतरी पाहिले.

विषयाची ओळख करून द्यावयाची तर आरंभ मुळाशीच केला पाहिजे. गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचा खालचा, योनिमार्गात उतरलेला, जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा भाग. आपल्याकडच्या बायका त्याला पिशवीचे तोंड म्हणतात, आणि ते नाव शास्त्रीय नावाहून काही कमी नेमके नाही. या तोंडाशी दोन प्रकारची अस्तरे एकमेकांस भेटतात. बाहेरचे चपट्या पेशींच्या अनेक थरांचे असते, आतले उभ्या, श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींच्या एकाच ओळीचे. आणि त्यांच्यामधली सरहद्द वयाप्रमाणे व बाळंतपणांप्रमाणे मागेपुढे सरकत असते. मानवी पॅपिलोमा विषाणू आपले ठाणे बसवतो ते या सरहद्दीवर. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो ठाण मांडून राहतो त्यांच्यापैकी काहींच्या पेशींची घडण बिघडू लागते, आणि त्या बिघाडापासून खऱ्या कर्करोगापर्यंतची वाट सामान्यतः दहा ते वीस वर्षांची असते. इतकी लांब मुदत देणारे कर्करोग थोडे आहेत. असे असूनही भारतात २०२२ या एका वर्षात या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज आहे.

रोग अस्तराखाली उतरला की तो आधी शेजार धरतो. बाजूचा मऊ ऊतींचा पडदा, योनीचा वरचा भाग, पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, हा त्याचा नित्याचा परगणा. आणि या परगण्यातून दोन्ही अंगांनी, गर्भाशयमुखापासून अवघ्या दोन सेंटिमीटरांवरून, मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळ्या उतरतात. त्या आवळल्या गेल्या की मूत्रपिंडे तुंबतात, रक्तात विषारी द्रव्ये साठतात, स्त्री हळूहळू ग्लानीत जाते. या रोगाने जाणाऱ्या असंख्य स्त्रिया आजवर अशाच गेल्या आहेत, ओटीपोटाच्या हद्दीतच, रोग दूर जाण्याला अवसर मिळण्यापूर्वी. म्हणूनच जुन्या ग्रंथांनी या कर्करोगाला मुख्यतः स्थानिक स्वभावाचा मानले आणि दूरच्या प्रसाराला चार-दोन ओळींत वाटेला लावले. त्या ग्रंथकारांचे निरीक्षण खोटे नव्हते. पण किरणोपचाराने ओटीपोटातला रोग आवरता येऊ लागला, मूत्रपिंडे वाचवता येऊ लागली, स्त्रिया अधिक काळ जगू लागल्या, तसतसा लांबच्या मुक्कामाला पोहोचण्यास रोगाला वेळ मिळू लागला, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

लांब जाण्याच्या वाटा दोन: लसीकेची आणि रक्ताची. पहिली वाट इतकी नेमस्त आहे की तिचे टप्पे बोटांवर मोजता येतात. ओटीपोटाच्या भिंतीशी असलेल्या ग्रंथी, तेथून वर कटीच्या मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या, तेथून महाधमनीच्या दोन्ही बाजूंच्या, आणि मग वक्षातून चढणारी, सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची, गव्हाच्या काडीहून फारशी जाड नसलेली एक नळी, जी शरीराच्या बहुतेक सर्व लसीकेचा भार वाहून अखेर मानेच्या बुडाशी डावीकडे वळते आणि तेथील शिरांच्या संगमात रिकामी होते. डाव्या हासळीमागची गाठ ही या वाटेची शेवटची चौकी. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने या गाठीचे महत्त्व ओळखले ते जठराच्या कर्करोगात. पण ती नळी कोणाची लसीका वाहते आहे याचा भेद करीत नाही, आणि गर्भाशयमुखातून निघालेल्या पेशीही त्याच वाटेने वर चढतात. आमच्या भागात मानेची गाठ म्हणजे क्षय, हे समीकरण डॉक्टर-रुग्ण दोघांच्याही मनात इतके घट्ट बसले आहे की अशा गाठीवर तपासाविना सहा-सहा महिने क्षयाची औषधे चालल्याची दोन उदाहरणे या संग्रहातच आली आहेत. तपासणाऱ्याने गाठ डावीकडे आहे की उजवीकडे एवढे विचारले असते, आणि मग रुग्णेला टेबलावर घेतले असते, तर ते सहा महिने वाचले असते.

रक्ताची वाट अधिक वळणाची आहे. ओटीपोटाच्या शिरांतून निघालेली पेशी महाशिरेतून हृदयाच्या उजव्या भागात आणि तेथून फुप्फुसांच्या केसाहून बारीक वाहिन्यांत येते. तेथे ती अडकते, म्हणून दूरच्या अवयवांत फुप्फुसाचा क्रम पहिला, आणि मागोमाग हाडे व यकृत. पण काही वेळा फुप्फुस निष्कलंक असते आणि पाठीच्या मणक्यात किंवा मेंदूत गाठ उभी राहते. याचा एक संभाव्य उलगडा फिलाडेल्फियाचे शरीररचनाकार ऑस्कर बॅटसन यांनी १९४० साली पुढे मांडला. पाठीच्या कण्याभोवती कटीपासून कवटीपर्यंत शिरांचे एक जाळे आहे आणि त्या शिरांना झडपा नाहीत. खोकताना, कुंथताना, जड ओझे उचलताना पोटातला दाब वाढला की ओटीपोटातले रक्त हृदयाकडे न जाता या जाळ्यात शिरू शकते. मोळी डोक्यावर घेताना श्वास रोखून धरणाऱ्या बाईच्या शरीरात रक्त क्षणभर कोणत्या दिशेने वाहते, हा विचार मी हे वाचल्यापासून टाळू शकलेले नाही, जरी ओझ्यामुळे रोग पसरतो असे म्हणण्यास मजजवळ काडीचाही पुरावा नाही.

वाट आहे म्हणजे मुक्काम होईलच असे नाही, ही या सर्व विषयातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. एका कर्करोगापासून दूरच्या जागी दुसरा उद्भवतो, यास ‘मेटास्टॅसिस’ ही संज्ञा १८२९ साली पॅरिसच्या रेकामिए यांनी दिली. पण तो अमक्याच जागी का, हा प्रश्न नीट विचारला तो साठ वर्षांनी, लंडनच्या स्टीफन पॅजेट या शल्यवैद्याने. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्याने तपासल्या. रोग केवळ रक्ताच्या प्रवाहाने वाहून जाऊन जेथे अडकेल तेथे रुजत असता, तर प्लीहेलाही यकृताच्या बरोबरीने वाटा मिळावयास हवा होता. प्रत्यक्षात यकृतात २४१ जणींना दुय्यम गाठी होत्या आणि प्लीहेत अवघ्या १७ जणींना. १८८९ साली त्याने मांडले की झाडाचे बी वाऱ्याबरोबर सर्व दिशांस जाते, परंतु रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच. पुढे अमेरिकेच्या जेम्स युइंग यांनी वाहिन्यांची रचना हेच खरे कारण असा पक्ष घेतला आणि बराच काळ तोच वरचढ राहिला. १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या शिरेत किरणोत्सर्गी खूण केलेल्या कर्कपेशी सोडून त्यांचा हिशेब ठेवला, तेव्हा एका दिवसानंतर हजारांतून एखादीच जिवंत राहिली आणि गाठ होण्यापर्यंत दहा हजारांतून एखादीच पोहोचली. पेरलेले बहुतेक सगळे बी मरते. ज्या काळ्या जमिनीच्या प्रदेशात मी जन्म काढला तेथील कुणाही शेतकऱ्याला हे कोड्यात टाकणार नाही. पॅजेटचे म्हणणे आज पेशींवरील ग्राहक रेणू, स्थानिक वाढद्रव्ये आणि प्रतिकारशक्ती यांच्या भाषेत सांगितले जाते, तरी प्रश्न त्याचाच आहे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे हृदय, स्नायू, प्लीहा, नेत्रपटल, कवटीवरची त्वचा या जागी गर्भाशयमुखाची पेशी रुजणे किती विरळा, याची कल्पना येते. मेंदूतील प्रक्षेप शंभर रुग्णांत जेमतेम एखादीला होतो; त्वचेतील प्रक्षेपांचे प्रमाण हजारात एक ते शंभरात दोन एवढे विविध नोंदींत आढळते, आणि त्यातही डोक्याची त्वचा अपवादाचाही अपवाद. हृदयातील गाठ बहुधा शवविच्छेदनातच उघडकीस येते, कारण धाप आणि छातीतली धडधड यांना जिवंतपणी दुसरी शंभर कारणे सापडतात. आणि येथेच ‘दुर्मीळ’ या शब्दाविषयी थोडे थांबणे मला अगत्याचे वाटते. शवविच्छेदनांवर आधारलेल्या जुन्या मालिकांत दूरच्या गाठींचे प्रमाण रुग्णालयीन नोंदींपेक्षा पुष्कळ अधिक मिळते. म्हणजे आपण ज्याला विरळा म्हणतो त्यात काही अंशी खरी विरळता असते आणि काही अंशी न पाहिल्याचा परिणाम. बेंबीतल्या दुय्यम गाठीचे उदाहरण बोलके आहे. पोटाच्या व ओटीपोटाच्या कर्करोगांत कधीकधी बेंबीत कठीण गाठ येते, ही गोष्ट अमेरिकेतील रॉचेस्टर येथील सेंट मेरीज रुग्णालयात विल्यम मेयो या शल्यवैद्याच्या हाताखाली काम करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ या परिचारिकेने, शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांचे पोट स्वच्छ करताना ओळखली. मेयोने १९२८ साली त्या गाठीला विजारीच्या बटणाची उपमा देऊन लेख लिहिला, आणि १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी तिला त्या परिचारिकेचे नाव दिले. निष्णात शल्यवैद्यांच्या डोळ्यांखालून गेलेली खूण ओल्या फडक्याने पोट पुसणाऱ्या हाताला लागली. या संग्रहातल्या बेंबीच्या हकीकतीतही गाठ प्रथम ओळखली ती वॉर्डातल्या आयाने.

आता ज्या एका रुग्णेची बायोप्सी मी स्वतः वाचली तिच्याविषयी लिहिते. फॉर्मेलिनच्या बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘डोक्यावरील मेदगाठ’ एवढाच मजकूर होता; वय सुमारे पंचावन्न, व्यवसाय ऊसतोड. मेणाच्या ठोकळ्यातून कापलेला पापुद्रा रंगवून काचपट्टीवर घेतला तेव्हा वरची त्वचा, केसांची मुळे, सगळे जागच्या जागी व अखंड होते, आणि त्याखाली, निळ्या-जांभळ्या केंद्रकांच्या चपट्या पेशींची बेटे पसरली होती, मधूनमधून केराटिनचे गुलाबी मणी धरून. कातडीचा स्वतःचा कर्करोग वरच्या थरापासून खाली उतरतो. येथे वरच्या थराशी कसलाही दुवा नव्हता, आणि एका बारीक वाहिनीच्या आत पेशींचा पुंजका थेट अडकलेला दिसत होता. हे बी दुसरीकडून आले होते. पी-सोळा या प्रथिनाचे रंजन केले तेव्हा बेटे गडद तपकिरी झाली, आणि ती कोठून आली असावीत याचा संशय बळावला. मी डॉक्टरबाईंना दूरध्वनी केला. त्यांनी रुग्णेला परत बोलावून घेतले आणि दार लावून विचारले. तो संवाद त्यांनी जसाच्या तसा टिपून ठेवला आहे.

“मावशी, अंगावरून काही जायचं का?”

“पिशवी काढल्याली हाय की, बाई. आता कुठनं जाईल?”

“काढायच्या आधी?”

बराच वेळ ती पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बसली. “धुपणी लई होती. वास यायचा. मालक भायेर झोपायचे.”

“तेव्हा कुणाला सांगितलं होतंत?”

“असलं कुनाला सांगत्यात व्हय? डोस्क्याचं काय, पदर सारला की दाखवता येतं.”

तिची पिशवी चार वर्षांपूर्वी एका खाजगी दवाखान्यात काढली गेली होती. काढलेला अवयव तपासणीस पाठवल्याचा एकही कागद तिच्याजवळ नव्हता, आणि पाठवला असता तर त्याचा अहवाल कोणत्या ना कोणत्या प्रयोगशाळेच्या बारनिशीत सापडला असता. आम्ही शोधला, सापडला नाही. अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी पिशवीच्या तोंडाची तपासणी करावी आणि काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली जावी, हा जगभरचा शिरस्ता आहे. तो पाळला गेला असता तर रोग तेव्हाच उघड झाला असता, आणि साध्या शस्त्रक्रियेऐवजी तिला योग्य तो किरणोपचार मिळाला असता. हंगामाचा रोज बुडू नये म्हणून, धुपण्या-विटाळाचा त्रास एकदाचा मिटावा म्हणून, पिशवी काढून घेण्याची पद्धत आमच्या भागातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांत किती पसरली आहे हे आता सर्वांस ठाऊक आहे. त्यांपैकी किती पिशव्या न पाहताच फेकल्या गेल्या, या विचाराने मला आजही झोप लागत नाही असे लिहिले तर ते अतिशयोक्तीचे नाही.

ज्या स्त्रीच्या पेशींवर या रोगाचा पुष्कळसा अर्वाचीन अभ्यास झाला तिचीही हकीकत याच जातीची आहे, म्हणून ती येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची आई, कृष्णवर्णीय अमेरिकन. आपल्या आत गाठ असल्यासारखे वाटते हे तिने आधी नात्यातल्या बायकांपाशी बोलून दाखवले होते. १९५१ च्या आरंभी ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आली, तिच्यावर रेडियमचे उपचार झाले, आणि तिला न विचारता घेतलेला गाठीचा एक तुकडा जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या पेशी काचपात्रात वाढत राहिल्या. तोवर तसे कुठल्याही मानवी पेशींनी केले नव्हते. इकडे रोगही वाढत राहिला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या ३१ व्या वर्षी, ती गेली. शवविच्छेदनात उदरातील अवयवांवर, मध्यपटलावर आणि फुप्फुसांतही गाठी सापडल्या. पुढे वीस वर्षांनी, १९७१ मध्ये, मूळ काचपट्ट्या पुन्हा वाचल्या गेल्या तेव्हा ध्यानात आले की आरंभीचे निदान चुकले होते: कर्करोग चपट्या पेशींचा नसून आतल्या, श्लेष्मा स्रवणाऱ्या अस्तराचा होता, जो प्रकार दूर पसरण्यात सहसा अधिक तत्पर असतो. आणि १९८४ साली हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पेशींत पॅपिलोमा विषाणूचा अठरावा प्रकार ओळखला. या शोधमालिकेबद्दल त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले. हेला या नावाने त्या पेशी आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातही द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत ठेवलेल्या आहेत. त्या भांडारातल्या एखाद्या तरुण संशोधिकेने हा संग्रह हाती घेतला, तर ज्या पेशी ती रोज बशीत वाढवते त्यांनी एका बाईच्या शरीरात किती लांबची मजल मारली होती, हे तिला येथे वाचावयास मिळेल.

दूरच्या गाठींवर उपचार काय, हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. फुप्फुसात एखादीच गाठ असेल आणि मूळ आवरलेले असेल तर ती काढून किंवा नेमक्या किरणांनी जाळून काही स्त्रिया वर्षानुवर्षे चांगल्या राहिल्या आहेत. मणक्याच्या वेदनेवर किरणोपचाराचे चार-दोन हप्तेही दिलासा देतात. प्लॅटिनमवर्गीय औषधे, आणि अलीकडे रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी व प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारी औषधे यांनी आयुष्य काही महिन्यांनी, कधी अधिकही वाढते. ज्यांना यातले काही परवडत नाही त्यांना तोंडाने घेण्याचे मॉर्फिन तरी मिळालेच पाहिजे, आणि ते तालुक्याच्या गावी मिळत नाही ही माझी जुनी कैफियत आहे. यापलीकडचा तपशील बाईंनी त्या त्या प्रकरणात दिला आहे, तो मी येथे पुन्हा देत नाही.

पण दूरचा मुक्काम टाळण्याची जी वाट आहे तिचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच मुलखातून जगापुढे गेला आहे, आणि तो येथे न सांगणे कर्तव्यात चुकण्यासारखे होईल. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, भारतातली अशा प्रकारची पहिली. तेथील नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची पाहणी केली. ५२ गटांपैकी काहींना विषाणूची चाचणी एकदाच देण्यात आली, काहींना पेशींची, काहींना व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची, आणि उरलेल्यांना नेहमीची आरोग्यसेवाच तेवढी. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सेवेच्या गटात पुढच्या पायरीचे ८२ कर्करोग आणि ६४ मृत्यू. विषाणूची चाचणी झालेल्या, संख्येने किंचित मोठ्या गटात ३९ आणि ३४. आयुष्यात एकदा, आरोग्यसेविकेने गावात येऊन घेतलेली एक चाचणी, आणि दूर पसरण्याच्या बेतातला रोग निम्म्यावर. ज्या गटाला चाचणी मिळाली नाही त्यातील स्त्रियांविषयी पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते मला रास्त वाटतात. ते ६४ मृत्यूही आपल्याच आयाबहिणींचे होते, आणि त्यांच्यामुळे जे ज्ञान जगाला मिळाले त्याचा लाभ त्यांच्या लेकी-सुनांना आधी मिळावयास हवा होता. २०२२ मध्ये या विषाणूविरुद्धच्या, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीलाही परवानगी मिळाली. आज नऊ-दहा वर्षांच्या मुलींना ती देता येते.

हा संग्रह वाचणाऱ्या तरुण डॉक्टरांना माझी एक विनंती आहे, आणि ती उपचाराविषयी नसून भाषेविषयी आहे. ‘पांढरे जाते का’ असे दारातूनच, नवऱ्यासमोर, कागदावरून मान न उचलता विचारले तर उत्तर ‘न्हाई’ असेच येते. बाईंच्या नोंदींत रुग्णांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे आहेत: धुपणी, अंगावर जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा कपडे खराब होणे, संबंधानंतर डाग पडणे याला ‘लागणे’, कंबर धरणे. हे शब्द ज्याच्या कानाला परके आहेत त्याला डाव्या हासळीमागची गाठ कितीही लवकर सापडली तरी तिचे मूळ उशिराच सापडणार. शेवटच्या रकान्यातली उत्तरे तर सावकाश वाचावी. ‘थोरल्या जावेला, सहा महिन्यांनी.’ ‘नळावरच्या शेजारणीला, तिलाही तसेच होते म्हणून.’ ‘लेकीला, लग्न झाल्यावर.’ आणि पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर, ‘कुणालाच नाही’, त्यापुढे वर्षांचा आकडा.

डोक्यावर गाठ आलेली ती स्त्री निदानानंतर चार महिने जगली. फुप्फुसात आणि कण्यातही गाठी होत्या, आणि अखेरचे दिवस तिने गावीच काढले. पंधरवड्याने तिची मुलगी काचपट्ट्या व अहवाल परत न्यायला प्रयोगशाळेत आली, सोबत ग्रामपंचायतीचा उतारा घेऊन, कुठल्याशा योजनेसाठी दोन्ही कागद एकत्र लागत होते म्हणून. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ग्रामसेवकाने ‘अशक्तपणा’ असे लिहिले होते. मी तिला अहवालाची प्रत दिली, दुसरी प्रत करून बाईंकडे पाठवली, आणि ती मुलगी त्याच दिवशी, मी काही सांगण्यापूर्वीच, स्वतःची तपासणी कुठे होते हे विचारून बाईंच्या दवाखान्याकडे गेली. तिच्या आईची पुरी हकीकत पुढे सातव्या प्रकरणात आली आहे.